कात्रणातला चेहरा

३० सप्टेंबर जवळ आला की आपल्या लातूर-धाराशिवकडच्या दैनिकांत पुण्यस्मरणाच्या जाहिराती लागतात. चौकट एक, तारीख एक आणि चेहरे मात्र चार-चार, पाच-पाच. आजा, आजी, सून, कडेवरचे लेकरू. वाचकहो, या चौकटींतले फोटो कधी जवळ धरून नीट न्याहाळले आहेत काय? नसतील तर यंदा न्याहाळा. कित्येक घरांत मूळ फोटो राहिलेलाच नसतो. मग मागच्या वर्षीचे कात्रण नेऊन द्यायचे, त्यावरून यंदाची जाहिरात करायची, आणि पुढच्या वर्षी यंदाचे कात्रण. छापलेल्यावर पुन्हा छापले की ठिपक्यांवर ठिपके बसतात. पाच-दहा वर्षांत माणसाची नुसती मिशी उरते, बाईचे नुसते कुंकू!

यात कुणाला दोष द्यायचा? किल्लारी, सास्तूर, तळणी, होळी, राजेगाव, लिंबाळा... १९९३ च्या त्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी दगड-मातीच्या भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद खाली आले. आदल्या रात्री गणपती बुडवून दमलेली माणसे झोपेत होती. सुमारे दहा हजार माणूस गेला. तसबिरी तर भिंतीवरच टांगलेल्या असतात. त्या भिंतीसकट गेल्या. ट्रंकेतले फोटो ट्रंकेसकट दबले. वर पाऊस लागला. मढी जाळायला पडक्या घरांचीच लाकडे ओढावी लागली, तिथे फोटो कोण वेचीत बसणार?

आणखी एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. मतदाराला फोटोचे ओळखपत्र द्यावे, हा निवडणूक आयोगाचा आदेश निघाला तोच मुळी १९९३ च्या ऑगस्टात. म्हणजे किल्लारीच्या महिनाभर आधी. आज खेड्यातल्या म्हाताऱ्या बाईचासुद्धा फोटो आधारावर असतो, पासबुकावर असतो, मोबाइलात शंभर असतात. तेव्हाच्या बाईचा जन्मात एखादाच फोटो निघे. लग्नातला, नाहीतर जत्रेतला.

त्यामुळे राहिले ते काय? गावाबाहेर गेलेले फोटो राहिले. लेकीच्या सासरी, मामाच्या घरी, पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या भावाच्या पाकिटात. शाळेच्या गटफोटोत, कुण्या पाहुण्याच्या लग्नाच्या अल्बमात मागच्या रांगेत अर्धवट दिसणारे तोंड. आणि पेपरातली कात्रणे.

या कात्रणांतून माणूस परत कसा काढायचा, त्याबद्दल आज चार गोष्टी सांगायच्या आहेत. संगणकावर हे काम होते, चांगले होते, फार खर्चही येत नाही. पण घाईत केले तर माणूस हातचा जातो. हे मी घरच्या अनुभवावरून सांगतो.

मावशीचा फोटो

माझी मावशी त्याच भागातल्या एका गावात दिलेली होती. त्या पहाटे ती गेली. तिचा एकच फोटो आईजवळ होता. दोघी बहिणींनी जत्रेत तंबूतल्या फोटोवाल्याकडे काढलेला, काळा-पांढरा, पोस्टकार्डापेक्षा लहान. आई बसलेली, मावशी तिच्यामागे उभी. पहिल्या वर्षश्राद्धाला जाहिरात द्यायचे ठरले. तेव्हा स्कॅनर कुठला? मूळ फोटोच द्यावा लागे. जिवंत माणसाचा फोटो पुण्यस्मरणात नको म्हणून घरच्यांनी कात्री घेतली आणि बहिणी वेगळ्या केल्या. मावशीचा तुकडा छपाईला गेला. जाहिरात आली, तुकडा काही परत आला नाही. कुणाचे नाव घेत नाही. आम्हीही मागायला गेलो नाही, हे खरे.

राहिले ते एक इंची कात्रण. आईने ते पोथीत ठेवले. न्यूजप्रिंटचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातले लिग्निन उजेडा-हवेने पिवळे पडत जाते आणि कागद पापडासारखा होतो. तसे ते झाले.

काही वर्षांपूर्वी घरातल्या पोराने त्या कात्रणाचा मोबाइलवर फोटो घेतला, एका अॅपात टाकला आणि मिनिटाभरात मावशी 'नवी' करून आणली. रंग गोरा, पापण्या लांब, ओठ रेखीव, कातडी तुकतुकीत. आम्ही सगळे बघत राहिलो. आईला दाखवले. तिने चष्मा लावला, लांब धरून पाहिले, जवळ धरून पाहिले आणि विचारले,

"कोन हाय ही?"

मावशी म्हणून सांगितले.

"न्हाई. ही न्हाई ती. शिनेमातली हाय कुनीतरी."

पोर हिरमुसले. पण म्हातारीचे बरोबर होते. का बरोबर होते, ते समजून घ्या, म्हणजे तुमची फसगत होणार नाही.

ठिपक्यांचा हिशेब

पेपरात छापलेला फोटो हा लहान-मोठ्या ठिपक्यांचा असतो. जिथे काळे हवे तिथे ठिपका मोठा, जिथे फिके हवे तिथे बारीक. याला छापखान्यात हाफटोन म्हणतात. दैनिकाच्या कागदावर इंचाला साधारण ८५ ठिपके धरा. आता एक इंची फोटोत तोंड असते अर्धा इंच रुंद. म्हणजे तोंडाच्या वाट्याला आडवे चाळीस-बेचाळीस ठिपके आले. तोंडाच्या रुंदीत पाच डोळे बसतात असे चित्रकार धरतात. तेव्हा एका डोळ्याला आठ ठिपके. बुबुळाला तीन! या तीन ठिपक्यांत पापणी कशी असणार? नजर कशी असणार?

अॅपाला ही अडचण वाटत नाही. ते लाखो चेहरे पाहून शिकलेले असते. ठिपके कमी पडले की त्या चेहऱ्यांतून बेतून एक डोळा आणून बसवते. डोळा सुंदर असतो, फक्त आपल्या माणसाचा नसतो. २०२० साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात 'पल्स' नावाची अशीच एक प्रणाली तयार झाली. तिला कुणीतरी बराक ओबामांचा अगदी पुसट, चौकटी-चौकटींचा फोटो दिला. तिने तो स्वच्छ करून एक गोरा माणूस काढून दिला. ज्यांचा चेहरा सगळ्या जगाला पाठ आहे त्यांची ही गत, तर होळीच्या किंवा मंगरूळच्या शेतकऱ्याला ती मशीन काय ओळखणार?

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. कंबोडियात पोल पॉटच्या राजवटीत तुओल स्लेंग नावाचा तुरुंग होता. तिथे मारण्याआधी माणसांचे फोटो काढून ठेवले जात. २०२१ साली एका आयरिश कलाकाराने त्यातले काही फोटो रंगवले आणि एका परदेशी प्रकाशनाने ते छापले. पुढे लक्षात आले, की मूळ फोटोत गंभीर असलेली काही माणसे रंगीत फोटोत हसत होती! कंबोडियात संताप उसळला, सरकारने निषेध केला आणि तो लेख मागे घ्यावा लागला. गेलेल्या माणसाच्या तोंडावर आपल्या हाताने हसू चिकटवायचे, हे कुठल्या घराला चालेल?

अर्थात अॅप वापरणारा प्रत्येक जण काही वाईट हेतूने करीत नाही. आमच्या पोराचा हेतू चांगलाच होता. पण घरात ओळखणारे माणूस होते म्हणून चूक कळली. ते नसते तर तो गोरा चेहरा फ्रेम होऊन भिंतीवर लागला असता, आणि पुढच्या पिढीने त्यालाच हार घातला असता.

मग करायचे कसे?

पहिले काम स्कॅनिंग. काच असलेला सपाट स्कॅनर हवा. तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडे, फोटो स्टुडिओत, सेवा केंद्रात तो असतो. कात्रण असेल तर मागे काळा कागद ठेवा. पाठीमागचा मजकूर फोटोतून दिसतो, तो काळ्या कागदाने दबतो. १२०० डीपीआयला स्कॅन करायला सांगा. दुकानदार म्हणेल, "एवढं कशाला, तीनशेला होतंय की." ऐकू नका. तीनशेला ठिपक्यांची आणि स्कॅनरची गाठ पडून फोटोवर कापडासारखी जाळी उमटते, ती पुढे निघता निघत नाही. फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीतच करा. त्याचे कारण पुढे येईल. फाइल 'टिफ' म्हणून ठेवा आणि त्या मूळ स्कॅनला पुन्हा हात लावू नका. जे काही करायचे ते त्याच्या नकलेवर.

कात्रणाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको.

आता ठिपके. १२०० ला स्कॅन केल्यावर एकेका ठिपक्यामागे साधारण १४ पिक्सेल येतात. फोटोशॉप असो नाहीतर फुकट मिळणारे गिम्प, दोन्हींत फोटो थोडा धूसर करायची सोय असते. पाच-सहा पिक्सेलांपासून सुरुवात करून ठिपके एकमेकांत मिसळेपर्यंत धूसर करायचे, मग फोटोचा आकार कमी करायचा, मग अगदी हलक्या हाताने धार आणायची. पुष्कळ स्कॅनरांत हेच काम करणारे 'डीस्क्रीन' नावाचे बटण असते, तेही चालते. यातून जे मिळते ते मऊ असते, थोडे धुक्यातले. पण त्यातला प्रत्येक करडा डाग मूळ छपाईतून आलेला असतो. बाहेरून आणलेले काही नसते.

आणि मोठा करू नका हो! एक इंची कात्रणाचा दोन फुटी फोटो करण्याचा आपल्याकडे फार सोस. पोस्टकार्डाएवढा करा, चांगल्या चौकटीत बसवा. चार हातांवरून पाहिला की डोळे आपोआप जुळवून घेतात.

ज्यांच्याकडे कात्रण नसून खरा फोटो आहे, त्यांचे नशीब चांगले. पासपोर्ट आकाराचा असला तरी त्यात कात्रणाच्या कितीतरी पट तपशील असतो. त्याला मातीचे पापुद्रे असतील तर ओले फडके लावू नका, कोरड्या मऊ ब्रशाने झटका. काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, चेहरा काचेवरच राहील. काचेसकट स्कॅन करा. १९८० च्या आसपासचे रंगीत फोटो तांबूस पडतात, कारण त्यातला निळसर रंग आधी उडतो. तो तोल संगणकावर बऱ्यापैकी परत आणता येतो.

आपल्याकडच्या फोटोंचे खास दुखणे म्हणजे हळद-कुंकू. गेलेल्याच्या फोटोला वर्षानुवर्षे बोट लावलेले असते. काच फुटली की ते कागदावर उतरते. खोडायला जाऊ नका. रंगीत स्कॅन करा म्हटले ते यासाठीच. स्कॅनमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन थर असतात. काळ्या-पांढऱ्या फोटोच्या स्कॅनचा फक्त लाल थर उघडून पाहा. त्यात कुंकू कागदासारखे फिके दिसते, हळद दिसत नाही, पिवळे-तपकिरी डागही बरेचसे नाहीसे होतात आणि खालचा चेहरा वर येतो. तोच थर घेऊन पुढचे काम करायचे. दुकानदाराला ठाऊक नसेल तर तुम्ही सांगा. प्रथम पाहणाऱ्याला ही जादूच वाटते.

चिरा, घड्या, कसरीने खाल्लेली जागा हे सारे 'क्लोन' आणि 'हील' या हत्यारांनी बुजवता येते. शेजारचा भाग उचलायचा आणि चिरेवर बसवायचा. भिंत, पातळ, धोतर, पडदा यांवर खुशाल करा. चेहऱ्यावर आले की हात आखडा. घडी नाकावरून गेली असेल तर ती थोडी दिसू द्या. घडी पडलेले नाक आपल्या माणसाचे असते.

गोंदण म्हणजे धूळ नव्हे

हे मात्र लक्षात ठेवाच. जुन्या फोटोवरची धूळ एका फटक्यात उडवणारे बटण या सगळ्या प्रणालींत असते. बारीक काळा किंवा पांढरा ठिपका दिसला की ते पुसते. त्याला काय माहीत, की आपल्याकडच्या बायांच्या कपाळावर, हनुवटीवर गोंदण असते? देवीचे व्रण असतात, गालावर तीळ असतो, गळ्यात काळ्या मण्यांची पोत असते. बटण दाबले की गोंदण गेले, व्रण गेले, पोत मधेच तुटली. चेहरा 'स्वच्छ' झाला, असे म्हणून दुकानदार पैसे घेतो.

म्हणून काम करणाऱ्याच्या शेजारी बसा. काय पुसायचे ते त्याला कळते, काय ठेवायचे ते तुम्हालाच माहीत. शक्य असेल तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला सोबत न्या. त्या पहाटे जो तिशीत होता तो आज साठीच्या पुढे गेला. चेहरा पाहून "हाच तो" किंवा "हा न्हाई" म्हणणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. कागद उद्याही स्कॅन करता येईल, त्यांना कुठून आणणार?

आणि जे फोटोत दिसत नाही ते फोटोत घालू नका. कात्रणात गोंदण उमटलेच नसेल तर ते काढून दाखवायचे नाही. कागदावर लिहून ठेवायचे: हनुवटीवर तीन ठिपके होते, डाव्या गालावर तीळ होता, उंची दाराच्या चौकटीला लागायची. सोबत नाव, गाव, कुणाची कोण. लिहायचे ते फोटोमागे मऊ पेन्सिलने. बॉलपेनाची दाब पुढे उमटते. व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो लहान होऊन जातो आणि पाहुण्यांकडे तोच लहान झालेला फिरत राहतो.

जपानात ११ मार्च २०११ रोजी त्सुनामी आली तेव्हा स्वयंसेवकांनी चिखलातून फोटो वेचले, पाण्यात धुतले, दोरीवर चिमट्यांनी वाळत घातले आणि सभागृहांत मांडून ठेवले. ज्याचा असेल त्याने ओळखून न्यावा. रिको या कंपनीने असे चार लाखांहून अधिक फोटो स्कॅन केले; त्यातले सुमारे नव्वद हजार माणसांच्या हाती परत गेले. आपल्याकडे ते १९९३ ला होण्यासारखे नव्हते. पण आज काय अडचण आहे? दरवर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीच्या स्मारकापाशी अभिवादनाला माणसे जमतात. पुनर्वसित गावांतल्या शाळांनी त्या दिवशी एक स्कॅनर, एक वही आणि दोन चुणचुणीत पोरे बसवली तर? लेकीबाळी माहेरचे फोटो घेऊन येतील. एकाच्या लग्नाच्या गटफोटोत दुसऱ्याचा बाप सापडेल. खेड्यातल्या लग्नात सारे गावच उभे असते!

आता मावशीचे राहिलेले सांगतो. वर लिहिले तसे कात्रण १२०० ला स्कॅन करून घेतले, ठिपके मिसळले, पाठीमागचा मजकूर दाबला. फोटो मऊच आला. आईने पुष्कळ वेळ पाहिला आणि म्हणाली, "हां. आता दिसायली." मग विचारले, "गोंदन कुटंय?" एवढ्या ठिपक्यांत ते येत नाही, हे तिला समजावून सांगितले. ते मागे लिहून ठेवले.

मावशीचा करडा रंग कितपत गडद असावा हे ठरवायला नमुना हवा होता. म्हणून त्याच फोटोचा आईकडे राहिलेला तुकडा काढला. उजेड एकच, कागद एकच, फोटोवालाही एकच. तोही स्कॅन केला. खुर्चीत बसलेली आई, आणि तिच्या डाव्या खांद्यावर, कात्री जिथून गेली तिथे, चार बोटे आणि दोन बांगड्या. इतकी वर्षे ते आम्ही पदराची घडी समजत होतो. स्टुडिओतला पोरगा म्हणाला, "काका, या हातावर धुळीचे ठिपके आहेत, काढू का?" आईने पडद्याजवळ तोंड नेले.

"काढू नको रे बाबा," ती म्हणाली. "तिच्या हातावरची तुळस हाय ती."